सिस्टरच्या नावापुढं 'डॉ.' लागलं, मग आता काय?

मागच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात लग्नाला गेले होते. पत्रिकेत नवरीच्या मोठ्या बहिणीच्या नावापुढं 'डॉ.' छापलेलं. पहिली पंगत उठायच्या आत गावभर झालं की डॉक्टरीणबाई आल्या आहेत, आणि मग काय, एक आजोबा शुगरचा रिपोर्ट घेऊन आले, एक बाई नातवाला कडेवर घेऊन आली, त्याच्या पाठीवर पुरळ उठलेलं, एकानं तर खिशातून अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टीच काढली आणि विचारलं, ह्या जेवणाआधी का जेवणानंतर. ती बिचारी भरजरी साडीत घामाघूम होऊन प्रत्येकाला सांगत होती, "काकाजी, मी तशी डॉक्टर नाही, मी नर्स आहे, माझी पीएचडी झाली आहे." आजोबांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे नर्सबाईच ना? मंग डाक्टर काऊन लिवलं बाई?"

आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. मी स्वतः चौदा वर्षांपासून एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि आमच्या ड्युटी रूममध्येसुद्धा हाच प्रश्न निघतो, फक्त जरा तिखट भाषेत. नर्सला पीएचडी कशाला पाहिजे, इंजेक्शन द्यायला थीसिस लागते का, वगैरे. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू.

आधी नर्सिंगच्या शिक्षणाची शिडी सांगते, पटकन. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, जीएनएम करून नंतर डिग्री पाहिजे असेल तर पोस्ट बेसिक दोन वर्षं, मग एमएस्सी दोन वर्षं, आणि त्याच्यावर पीएचडी. उपकेंद्रात पोराला लस टोचणारी ताई बहुतेक एएनएम असते, दवाखान्यात सलाईन लावणारी जीएनएम नाहीतर बीएस्सी. पीएचडीवाली मात्र तुम्हाला दवाखान्यात जवळपास दिसायचीच नाही. ती कुठं असते ते पुढं सांगते, माझं भांडण तिथंच आहे.

आणि हे पण सुरुवातीलाच: पीएचडी म्हणजे औषधं लिहून द्यायचा परवाना नाही. इतिहासात पीएचडी करणाऱ्या माणसाच्या नावापुढं जसं डॉ. लागतं तसंच हे. त्यामुळे आजोबांचा शुगर रिपोर्ट वाचून तिनं गोळी बदलून दिली असती तर ते चूकच झालं असतं, तिनं नाही दिली, बरोबर केलं.

मग ती करते काय? माझ्या शब्दात सांगायचं तर, वॉर्डात रोज डोळ्यासमोर जे दिसते त्याचा नीट प्रश्न बनवते, आणि तो प्रश्न असा तपासते की समोरच्याला 'हे तुमचं मत आहे' असं म्हणून उडवून लावता येत नाही. आम्हा नर्सेसकडं मतं भरपूर असतात हो, वीस वर्षं ड्युटी केलेल्या सिस्टरला कोणता पेशंट रात्री बिघडणार ते तोंड पाहून कळते. पण 'मले वाटते' हे केसपेपरवर चालत नाही, आणि सरकारी फाईलवर तर मुळीच नाही.

एक साधं उदाहरण घ्या. आम्हाला शिकवलेलं असते की पेशंटला विचारा, शून्य ते दहापैकी किती दुखते? आता आमच्याकडची सत्तर वर्षांची बाई, कधी शाळेत गेली नाही, तिला मी विचारते, "आजी, दहापैकी किती दुखते?" ती म्हणते, "लय दुखून राह्यलं माय." मी म्हणते, आकडा सांगा. ती म्हणते, "आकडा तू लिव ना, तू शिकली हायेस." मग मी अंदाजानं सात लिहिते. पण तिला खरं विचारलं ना, तर तिच्याकडं दुखण्याचे इतके शब्द असतात की पुस्तकात नसतील, ठणकते, सलते, चमकते, भणभणते, कळ येते, रग लागते, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ठणकते म्हणाली तर आत पू झाला असेल, चमकते म्हणाली तर नस असेल, असं आम्ही मनातल्या मनात लावतो. पण हे शब्द आणि आजार यांची जोडी खरंच जुळते का, सगळ्या बायांसाठी जुळते का, की फक्त माझ्या डोक्यात जुळते? हे शोधायला एक माणूस तीन-चार वर्षं बसला तर ती झाली पीएचडी. आणि त्यातून वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हातारीसाठी दुखणं मोजायची एक चांगली पट्टी निघाली तर तिला वेळेवर योग्य औषध मिळेल.

ही काही हवेतली गोष्ट नाही. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर सहा चेहरे असलेला तक्ता तुम्ही पाहिला असेल, पहिला हसरा, शेवटचा रडका, पोराला विचारायचं तुझं दुखणं कोणत्या चेहऱ्यासारखं आहे. तो तक्ता अमेरिकेत १९८० च्या दशकात डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी बनवला. वाँग ही मुलांच्या वॉर्डाची नर्स, पीएचडी झालेली. जळालेल्या लहान पोरांना आकडे कळत नव्हते, म्हणून पोरांनाच चेहरे काढायला लावले आणि त्यातून ही पट्टी तयार झाली. आज जगभर वापरतात.

दुसरं, बेडसोर. लकव्याचा पेशंट घरी खाटेवर पडून असला की पंधरा दिवसांत माकडहाडापाशी नाहीतर टाचेला जखम होते, आणि एकदा झाली की ती भरता भरत नाही, घरचे लोक थकून जातात. कोणाला होईल कोणाला नाही हे आधी कसं ओळखायचं? बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकेतल्या नर्स संशोधकांनी १९८७ मध्ये एक पट्टी मांडली, ब्रेडन स्केल. त्यात सहा गोष्टी पाहायच्या: पेशंटला दाब जाणवतो का, कातडी ओली राहते का, तो चालतो-फिरतो का, पडल्या जागी कूस बदलतो का, खातो किती, आणि ओढताना-सरकवताना कातडी घासते का. मार्क ६ ते २३. मार्क जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली आले की सावध व्हायचं. यात मशीन नाही, रक्त नाही, पैसा नाही, पाच मिनिटं आणि डोळे उघडे पाहिजेत. आमच्यासारख्या दवाखान्यात, जिथं एक्सरे मशीन महिन्यातून आठ दिवस बंद असते, तिथं असल्याच गोष्टी कामाच्या. मी स्वतः हे स्केल पोस्ट बेसिकला शिकले, परीक्षेत लिहिलं, आणि वॉर्डात वापरायला पुढची सहा वर्षं लागली कारण आमच्या चार्टमध्ये त्याचा रकानाच नव्हता. शेवटी मी पेनानं आखला.

तसं पाहिलं तर ही मोजायची सवय नर्सिंगच्या मुळातच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला कंदील घेतलेली बाई आठवते, १२ मेला तिच्या फोटोला हार घालतो, केक कापतो. पण ती बाई आकड्यांची पक्की होती. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात गेली, तिथं सैनिक जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी जास्त मरतात हे तिनं नुसतं सांगितलं नाही, १८५८ मध्ये त्याचा गोल पाकळ्यांसारखा रंगीत आलेख काढून सरकारपुढं ठेवला. कंदिलापेक्षा तो आलेख मोठं काम आहे असं माझं मत. पण आलेखाला हार कोण घालणार.

आता थोडं मोठं उदाहरण, कारण 'नर्सच्या अभ्यासानं हेल्थकेअर सुधारते' असं नुसतं म्हटलं तर भाषणासारखं वाटते. लिंडा एकेन नावाची बाई आहे, आधी नर्स, मग समाजशास्त्रात पीएचडी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात. तिनं आणि तिच्या टीमनं त्या राज्यातल्या १६८ दवाखान्यांतल्या दोन लाख बत्तीस हजारांवर ऑपरेशनच्या पेशंटची माहिती घेतली, दहा हजारांवर नर्सेसना विचारलं की तुमच्याकडं एका वेळी किती पेशंट असतात, आणि दोन्ही जोडून पाहिलं. २००२ मध्ये छापून आलं. निष्कर्ष असा की एका नर्सकडं एक पेशंट जास्त दिला की ऑपरेशननंतर तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक पेशंट जास्त, तर एवढं! पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, त्याच टीमनं दाखवलं की दवाखान्यात डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं तर दगावण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी असते.

इथं एक खाच सांगते, कारण ती समजली की संशोधन वाचायला सोपं जाते. यातून 'नर्स कमी म्हणूनच माणसं मेली' असं थेट सिद्ध होत नाही. कदाचित ज्या दवाखान्यात नर्स कमी तिथं मशीनही जुन्या असतील, गरीब आणि जास्त आजारी पेशंट तिथंच जात असतील. म्हणून त्यांनी हिशोब करताना पेशंटचं वय, आधीचे आजार, दवाखाना केवढा, तिथं कोणत्या सोयी आहेत हे सगळं वेगळं काढलं, आणि तरीही फरक उरला. मग लोकांनी दुसऱ्या देशांत करून पाहिलं, २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत जवळजवळ तसंच निघालं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यानं २०१६ मध्ये नियमच करून टाकला की ठरवलेल्या सरकारी वॉर्डांत दिवसा चार पेशंटमागं एक नर्स आणि रात्री सातमागं एक. एका नर्सबाईच्या प्रश्नावरून सुरू झालेली गोष्ट कुठवर गेली पाहा. आणि हो, चार पेशंटमागं एक हे वाचून आमच्या नाईटवाल्या सिस्टरनं मला विचारलं, "ताई, चार का चाळीस? शून्य राहून गेला असन."

बाहेरच्या देशांत नर्सेससाठी डॉक्टरेट दोन प्रकारची असते, त्यात लोकांचा गोंधळ होतो म्हणून आपल्या शेतीतून सांगते. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथं कोणीतरी कपाशीचं नवीन वाण शोधून काढते, हे झालं पीएचडीसारखं, नवीन ज्ञान. पण ते वाण आपल्या वावरात, आपल्या काळ्या जमिनीत, पाऊस दांडी मारतो त्या वर्षी कसं लावायचं, किती अंतरावर, फवारणी कधी, हे शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून जमवणारा माणूस वेगळा लागतो, तोसुद्धा तितकाच शिकलेला. दुसरी डॉक्टरेट ती, तिला डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस म्हणतात, डीएनपी. अमेरिकेत केंटकी विद्यापीठानं ती २००१ मध्ये सुरू केली. हिचं काम असं की जे सिद्ध झालेलं आहे ते दवाखान्यात खरंच होऊन राहिलं का ते पाहायचं, नसेल तर कुठं अडलं ते शोधायचं आणि पद्धत बदलायची.

आपल्याकडं पहिला प्रकारच आहे, पीएचडी. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात आणि वेल्लोरच्या सीएमसीत १९४६ मध्ये बीएस्सी नर्सिंग सुरू झालं, आणि नर्सिंगमध्ये पीएचडी यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे जवळपास अर्धं शतक. नंतर इंडियन नर्सिंग कौन्सिलनं पुढाकार घेऊन पीएचडीसाठी देशपातळीवर कन्सॉर्शियम, म्हणजे संस्थांचा एकत्र गट, केलं, आपल्या राज्यात नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून होते, विदर्भात वर्ध्याजवळ सावंगीलाही होते.

प्रत्यक्षात कसं चालते ते माझ्या मैत्रिणीवरून सांगते. तिचं नाव नको, तिला आवडणार नाही. एमएस्सी झालेली आहे, आणि तिच्या डोक्यात प्रश्न घुसला तो सिकलसेलच्या पोरांचा. आपल्याकडं सिकलसेल कोणाला सांगायची गरज नाही, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, नागपूर, सगळीकडं घरोघरी माहीत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हातपाय, पाठ, छाती असं दुखते की पोरगं गडाबडा लोळते. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, रोज घेतली तर हे झटके कमी होतात. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी तीच पोरं परत परत भरती होतात. का? घरी गेलं की महिनाभर बरं वाटते, मग गोळी बंद. घरचे म्हणतात, आता दुखत नाही तर कायले खायची?

मैत्रीण म्हणाली, आशाताईनं दर आठवड्याला घरी जाऊन गोळ्या मोजल्या आणि आईशी पाच मिनिटं बोलली तर पोरं गोळी चालू ठेवतील का? वाटायला सोपं वाटते, त्यात काय पीएचडी, करून पाहा ना. तर इथूनच खरी गंमत सुरू होते.

समजा जानेवारीत सुरू केलं आणि एप्रिलमध्ये मोजलं, भरती कमी झाली. झाला फायदा? नाही ना. थंडीत सिकलसेलचा त्रास वाढतो, एप्रिलमध्ये थंडी नसते, तो तसाही कमी झाला असता. म्हणून तुलनेसाठी दुसरी गावं पाहिजेत जिथं आशाताई नेहमीसारखंच काम करेल. मग कोणती गावं कोणत्या गटात? मैत्रिणीनं निवडली तर ती नकळत रस्त्यावरची, बस जाते ती, ओळखीची गावं चांगल्या गटात टाकेल. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. किती पोरं घ्यायची? दहा-बारा पोरं पाहून काही सांगता येत नाही, दोन पोरं योगायोगानं आजारी नाही पडली की सगळा हिशोब फिरतो, म्हणून आधीच गणित करून आकडा काढावा लागतो. गोळी घेतली की नाही हे कसं कळणार? आईला विचारलं तर आई म्हणणार घेतली, सिस्टरसमोर कोण नाही म्हणते. रिकाम्या पट्ट्या मोजा, तर पट्टी चुलीत गेलेली. पण ही गोळी नियमित घेतली की लाल पेशींचा आकार थोडा मोठा होतो आणि तो साध्या सीबीसी रक्ततपासणीत दिसतो, ते या गोळीसाठी तसंही अधूनमधून करावंच लागते. म्हणजे तोंडी सांगणं, पट्ट्या आणि रक्त, तिन्ही जुळवून पाहायचं. हे मला माहीतच नव्हतं, मी इतकी वर्षं सीबीसीचा तो आकडा नुसता पाहून फाईलला लावत होते.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एंट्रन्स, मग गाईड मिळवणं, मग कोर्सवर्क ज्यात संशोधन पद्धत आणि स्टॅटिस्टिक्स, मग सिनॉप्सिस म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मग एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात कोणावर अन्याय तर होत नाही ना हे तपासणारी समिती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, बायांना त्यावर दोन वर्षं सूट मिळू शकते, बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. कागदावर छान आहे. पण गाईड दीडशे किलोमीटरवर, एसटी सकाळी एकच, आणि नाईट ड्युटी करून थेट बसमध्ये बसलेली बाई, तिथं पोचली की कळते सर आज मीटिंगला गेलेत. मैत्रिणीसोबत हे तीनदा झालं. एकदा तर रजेसाठी वरच्या साहेबांकडं गेली तर ते म्हणाले, "मॅडम, पीएचडी करून काय करता, पगार तर तोच राहते." दुर्दैवानं त्यांचं म्हणणं खरं होतं.

आता माझं भांडण. दोन आहेत.

पहिलं विषयांचं. आपल्याकडं नर्सिंगचे थीसिस काढून पाहा, ढीगभर एकाच साच्यातले: अमुक गावातल्या बायांना तमुक विषयाचं ज्ञान किती, मग त्यांना एक तास शिकवलं, मग परत तोच पेपर सोडवून घेतला, मार्क वाढले, निष्कर्ष शिकवणं परिणामकारक आहे. अहो वाढणारच ना मार्क! आताच उत्तरं सांगितली आणि आताच पेपर घेतला. सहा महिन्यांनी त्या बाईनं घरात काय बदललं हे कोणी पाहायला जात नाही, कारण तेव्हापर्यंत बाइंडिंग करून थीसिस जमा झालेली असते. मीही माझ्या पोस्ट बेसिकच्या प्रोजेक्टमध्ये हेच केलं, हात धुण्याबद्दल, साठ बाया, मार्क वाढले, टाळ्या. मार्क वाढले पण त्या गावात हात धुवायला हापशीवर पाणी नव्हतं, ते मी लिहिलंच नाही, प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता.

दुसरं भांडण मोठं. पीएचडी झाली की बाई वॉर्डातून जाते. प्रोफेसर, प्राचार्य, कॉलेज. लग्नातली ती डॉक्टरीणबाई पण कॉलेजातच आहे, शिकवते छान, पण म्हणाली, पेशंटला हात लावून चार वर्षं झाली ताई. कॉलेजला शिकलेले शिक्षक पाहिजेतच, त्याबद्दल वाद नाही, चांगली शिकवणारी असली तर पन्नास पोरी नीट तयार होतात. पण जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात पीएचडी झालेल्या नर्ससाठी जागा काढा, तिचं काम असं की आपल्या दवाखान्यात इन्फेक्शन का वाढलं, रेफर केलेल्या बाळंतिणी वाटेत का बिघडतात, कोणत्या तालुक्यातून जखमा सडलेल्या येतात, हे शोधायचं आणि वॉर्डातच बदलायचं, अशी जागा मी आमच्या भागात पाहिली नाही. म्हणजे प्रश्न वॉर्डात, आणि प्रश्न सोडवायला शिकलेली बाई वर्गात.

२०१७ ची फवारणीची गोष्ट आठवा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले. बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडाला फेस, घाम, असे पेशंट आम्ही त्याआधीच्या हंगामांतही पाहत होतो, थोडे थोडे, एक इथं एक तिथं. गावोगावच्या सिस्टरना ते दिसत होतं. पण कोणत्या आठवड्यात किती, कोणतं औषध मारताना, कपाशी किती उंच होती, हे कोणी वहीत लिहून, बेरीज करून, वेळेवर वर पाठवायची पद्धतच नव्हती. एकेका नर्सला दिसलेलं एकेका नर्सपाशीच राहिलं.

खेड्यातून विचारलेला प्रश्न दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही असं नाही. गडचिरोलीचंच पाहा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, हे नर्स नाहीत, डॉक्टर आहेत, पण पद्धत तीच. खेड्यातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, वजन, ऊब, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग. ३९ गावांत हे केलं आणि तुलनेला दुसरी ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी जातात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, त्याच्या मुळाशी हे काम आहे. तुलनेची गावं ठेवली नसती तर सरकारनं ऐकलं असतं का? मला नाही वाटत.

नर्सचं उदाहरण पाहिजे तर लोरेटा फोर्ड. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या खेड्यापाड्यात फिरणारी पब्लिक हेल्थ नर्स, तिकडंही डॉक्टर मिळत नव्हते, पोरं तशीच राहायची. तिनं शिक्षणात डॉक्टरेट घेतली आणि १९६५ मध्ये हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञासोबत नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स सुरू केला, म्हणजे तपासणी, साधे आजार ओळखणं, पुढं कधी पाठवायचं हे जबाबदारीनं करू शकणारी नर्स. २०२५ मध्ये वारली, १०४ वर्षांची होऊन. आपल्याकडं क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर आणि मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपणाची, नर्स प्रॅक्टिशनर असे कोर्स आता आले आहेत, पण मेळघाटात किंवा झरी-जामणीत त्या कधी येतील तेव्हा खरं.

ज्या पोरी मला मेसेज करून विचारतात, ताई मी करू का, त्यांना एवढंच सांगते की आधी विषय नका शोधू, आधी सहा महिने एक वही ठेवा. ड्युटीवर ज्या गोष्टीनं डोकं फिरलं ती तारखेसकट लिहा. तीच गोष्ट वहीत दहा वेळा आली की विषय मिळाला समजा. आणि इंग्रजीची भीती नका घेऊ, स्टॅटिस्टिक्सचीही नाही, ते शिकता येते. आशाताईचा भरोसा कमवायला मात्र कोणताच क्लास नाही.

मैत्रिणीचं सध्या कुठं अडलं ते सांगते. तिच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्त्या आहेत, म्हणून संमतीचा फॉर्म त्यांच्या कोलामी भाषेतही करावा लागला, देवनागरीत लिहून. पोरगं सात वर्षांच्या वरचं असलं की आईबापासोबत त्यालाही विचारावं लागते, तसा आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, नियम आहे. तर फॉर्म एकानं कोलामीत केला आणि तपासायला दुसऱ्याकडून परत मराठीत करून घेतला, अशीच पद्धत असते. परत आला तेव्हा 'संशोधन' या शब्दाच्या जागी 'तपासणी' आलं होतं. म्हणजे आईबापांना वाटलं असतं की डॉक्टर तपासायला येऊन राहिले, पोरगं बरं होणार, आणि त्यावर अंगठा दिला असता. कमिटीनं फॉर्म परत पाठवला. मैत्रीण तिथल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसली, तिला सगळं समजावलं, मग विचारलं, आता तुम्ही हे शेजारणीला कसं सांगाल? ती बाई बराच वेळ विचार करून जे बोलली त्याचा मराठीत अर्थ होतो, 'यायलेही अजून ठाऊक नाही, आपल्याकडून समजून घ्यायले आल्या आहेत.' तेच वाक्य आता फॉर्मवर पहिलं टाकलं आहे. कमिटीची मीटिंग दिवाळीनंतर आहे.